वरच्या पातळीचा पेच : ऑनलाइन पोकरमधील पण वाढवण्याविषयी एक संवाद

ऑनलाइन पोकर हा अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा खेळ असून, कोणत्या टेबलावर किती रकमेने खेळायचे हे तेथे आधीच ठरलेले असते. रकमेच्या या चढत्या पायऱ्यांना खेळाडू ‘स्टेक्स’ म्हणतात. नो-लिमिट होल्डेम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात पत्ते वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंना ठरावीक रक्कम सक्तीने टाकावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात, आणि त्यांपैकी मोठा ब्लाइंड हे पुढच्या सगळ्या हिशेबांचे एकक ठरते. अर्धा व एक डॉलर ब्लाइंड असलेल्या टेबलावर साधारणतः शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे १०० डॉलर, घेऊन बसतात. या रकमेला बाय-इन आणि केवळ खेळासाठी बाजूला काढलेल्या एकूण भांडवलाला बँकरोल म्हटले जाते. खालच्या पायरीवर जिंकणाऱ्याने वरच्या पायरीवर केव्हा जावे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण वरच्या पायरीवर टिकण्याची कुवत तेथे खेळल्याशिवाय कळत नाही आणि ती कळण्यापूर्वी तेथे खेळणे हाच जुगार ठरतो, हा त्यातील खरा पेच आहे.

भारतात ऑनलाइन गेमिंगविषयीच्या ज्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा न्यायालयांनी दीर्घकाळ मानलेला भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. म्हणून पुढील काल्पनिक संवादातील खेळाडू इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला कल्पिला आहे, जेथे परवानाधारक संकेतस्थळांवर हा खेळ कायदेशीर आहे. त्याच्याशी बोलणारे गृहस्थ त्याला एकेकाळी संख्याशास्त्र शिकवणारे, आता निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत.

खेळाडू : सर, समजा एका खेळाडूजवळ खेळासाठी बाजूला ठेवलेले ४,००० डॉलर आहेत. अर्धा-एक डॉलरच्या सहा जणांच्या टेबलांवर त्याने एक लाख डाव खेळून दर शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड या दराने नफा मिळवला आहे. एक-दोन डॉलरच्या टेबलावर बाय-इन २०० डॉलरचे, म्हणजे त्याच्या भांडवलाच्या पाच टक्के. क्रिस फर्ग्युसन या व्यावसायिकाने २००६-०७ मध्ये शून्यापासून दहा हजार डॉलर उभे करण्याचा प्रयोग केला, तेव्हा एका टेबलावर भांडवलाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम न्यायची नाही असे बंधन त्याने स्वतःला घातले होते. त्या मापाने हा खेळाडू वर जायला पात्र ठरतो की नाही?

प्राध्यापक : त्या मापाने ठरतो, पण ते माप फक्त भांडवल मोजते, कुवत मोजत नाही. आधी तुझ्या पाचाच्या आकड्याकडे पाहू. निकाल सरासरीभोवती किती विखुरतात ते सांगणाऱ्या संख्येला प्रमाण विचलन म्हणतात, आणि अशा टेबलांवर ते दर शंभर डावांमागे सुमारे शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे नफ्याच्या वीसपट असते. एक लाख डाव म्हणजे शंभर-शंभर डावांचे हजार गट. हजाराचे वर्गमूळ सुमारे ३१.६, म्हणून सरासरीतील प्रमाण त्रुटी ३.१६ इतकी उरते, आणि ९५ टक्के विश्वासाने बोलायचे तर त्या खेळाडूचा खरा दर उणे एक ते अधिक अकरा यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. जो स्वतःला विजेता समजतो तो प्रत्यक्षात किंचित तोट्यातही असेल, ही शक्यता एवढ्या खेळानेही पुरती मावळलेली नाही.

खेळाडू : मग किती डाव खेळल्यावर ती मावळते?

प्राध्यापक : खरा दर एका ब्लाइंडच्या अंतरात पकडायचा असेल तर सुमारे ४० लाख डाव लागतील. चार टेबले एकाच वेळी उघडून तासाला तीनशे डाव आणि रोज चार तास धरले, तरी नऊ वर्षे होतात; आणि नऊ वर्षांत समोरचे खेळाडू, त्यांची तयारी आणि खेळण्याची रीत इतकी बदलते की मोजायला घेतलेली वस्तूच मोजणी संपेपर्यंत शिल्लक राहत नाही.

खेळाडू : २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे लिब्राटस या संगणक-प्रणालीचा चार व्यावसायिकांशी सामना झाला, तेव्हा १,२०,००० डाव खेळूनही नशिबाचा भाग कमी व्हावा म्हणून तेच पत्ते दोन टेबलांवर उलटसुलट वाटावे लागले होते, आपल्या म्हणण्याला त्याने दुजोराच मिळतो. पण सर, हा युक्तिवाद दुधारी आहे. पुरावा अपुरा म्हणून वर जाऊ नये, तर त्याच न्यायाने खाली राहण्याचे समर्थनही उरत नाही, कारण तेथील दरही तितकाच संदिग्ध आहे. पुराव्याची वाट पाहणारा मनुष्य कोठेच खेळू शकणार नाही.

प्राध्यापक : हे मान्य. पण अज्ञान दोन्हीकडे सारखे असले तरी अज्ञानाची किंमत दोन्हीकडे सारखी नसते. तुझा पाचाचा दर खरा मानू, आणि वर प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे असल्याने तो निम्म्यावर, अडीचावर येतो असे धरू. खाली दर शंभर डावांमागे पाच डॉलर मिळतात; वर ब्लाइंड दोन डॉलरचा, म्हणून अडीच ब्लाइंडचेही पाच डॉलरच होतात. म्हणजे मिळकतीत एका पैशाची वाढ नाही. आता जोखीम पाहा. त्याच पातळीवर खेळत राहिल्यास कधी ना कधी सगळे भांडवल गमावण्याची संभाव्यता नफ्याचा दर, भांडवल आणि प्रमाण विचलन यांवरून काढता येते. खाली चाळीस बाय-इन हाताशी असताना ती १.८ टक्के येते, आणि वर वीस बाय-इन व निम्मा दर असताना जवळजवळ ३७ टक्के. भांडवल निम्मे झाले, दर निम्मा झाला, पण धोका वीसपट वाढला, कारण या दोन्ही गोष्टींचा गुणाकार सूत्राच्या घातांकात बसतो.

खेळाडू : हे गणित खेळाडूला दगडाचा पुतळा समजते. भांडवल घटले की तो खालच्या टेबलावर परत येईल. मग सर्वस्व गमावण्याचा प्रश्न येतोच कुठे?

प्राध्यापक : येण्या-जाण्याची मुभा धरूनही एक अडचण उरते. पैशाचे मोल ते ज्याच्याजवळ आहे त्याच्या संपत्तीवर ठरते, हा विचार डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्ये मांडला, आणि बेल प्रयोगशाळेतील जॉन केली याच्या १९५६ च्या निबंधातून भांडवलाचा किती अंश पणाला लावला असता दीर्घकाळात वाढीचा वेग सर्वाधिक राहतो याचे सूत्र मिळाले. त्या सूत्राने तुझा खेळाडू खाली योग्य अंशाच्या निम्म्यावर आहे, म्हणजे सावध आहे. वर गेल्यावर तो योग्य अंशाच्या दुपटीवर जातो. दुपटीवर गेलेल्याची वाढ शून्य होते. भांडवलाच्या प्रमाणात पण कमी-जास्त करत तो कितीही काळ खेळला, सरासरी नफा कागदावर कितीही दिसला, तरी चढउतारांतच तो सगळा जिरतो. फर्ग्युसनच्या पाच टक्क्यांनी ज्याला पात्र ठरवले, त्याला केलीचे सूत्र दारातच अडवते. कारण पहिल्या नियमाला खेळाडूचे कौशल्य ठाऊक नाही, दुसऱ्याला ते विचारात घ्यावेच लागते.

खेळाडू : अडीचाचा दर हा पहिल्या दिवसाचा अंदाज आहे, सर. वर गेल्यावर चुकांची शिक्षा लगेच होते, म्हणून तेथे शिकणे वेगाने होते. खाली मात्र तीच नवखी मंडळी त्याच चुका करत राहतात, आणि त्यांच्यावर जगणाऱ्याचा खेळ गंजतो. शिवाय खालचा नफा येतो कोठून? कामावरून थकून आलेल्या, दोन डाव गमतीने खेळणाऱ्या माणसाच्या खिशातून. बरोबरीच्या माणसाशी खेळण्याची इच्छा ही निव्वळ हाव म्हणता येईल का?

प्राध्यापक : हाव म्हणण्याची घाई नको, पण वर दुबळे खेळाडू नसतात हा समजही नको. तेथेही अनुभवी मंडळी नवख्याच्या शेजारची जागा मिळावी म्हणून टेबले निवडतच असतात. फरक इतकाच की वर तो नवखा तुझा खेळाडूच असू शकतो.

खेळाडू : हे कबूल केलेच पाहिजे.

प्राध्यापक : खाली परत येण्याचे म्हणतोस, तर सभापर्वातील द्यूत आठव. युधिष्ठिर हरत गेला तसतसा पण वाढत गेला; प्रत्येक नवा पण मागच्या हानीचे उत्तर म्हणून आला. वनपर्वातील नळाला ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, मिळाले, तेव्हा तो पूर्वी ज्याच्याशी द्यूतात हरला होता त्या पुष्कराकडे परतला आणि सर्वस्व एकाच पणाला लावून जिंकला. नळाची कृती समर्थनीय ठरते ती विद्येने त्याला निश्चिती दिली म्हणून. पोकरमध्ये कितीही विद्या मिळाली तरी निश्चिती मिळत नाही, म्हणून तेथे नळासारखे कौशल्य असणाऱ्यानेही नळासारखा पण लावू नये. आणि युधिष्ठिरासारखा लावणाऱ्याच्या मनोवस्थेला तर तुम्हा खेळाडूंच्या बोलीत ‘टिल्ट’ असा शब्दच आहे.

खेळाडू : मग खरा प्रश्न रकमेचा नसून रकमेने मन किती हलते याचा झाला. डॅलसचे बँकर अँडी बील २००१ ते २००६ या काळात लास व्हेगासमध्ये व्यावसायिकांशी एकास एक खेळले, आणि पण इतका वाढवण्याचा आग्रह त्यांनी धरला की निष्णात खेळाडूंनाही आपली रक्कम एकत्र करून एकेकाला पुढे पाठवावे लागले. कौशल्यात कमी असलेल्याने मोठ्या पणालाच शस्त्र केले. २००६ मध्ये त्यांनी आधी एक कोटीहून अधिक डॉलर जिंकले, हे त्या शस्त्राला धार होती म्हणूनच. मात्र त्यानंतर फिल आयव्ही या व्यावसायिकासमोर तीन दिवसांत त्याहून अधिक रक्कम गमावली.

प्राध्यापक : एका सामन्यातल्या हारजितीवरून कारण ठरवायचे नाही, हे आत्ताच ठरले होते ना?

खेळाडू : बरोबर, निकाल सोडून देऊ. एकच निर्णय जवळून पाहू. शेवटचा पत्ता उघडला आहे, मधल्या रकमेत, म्हणजे पॉटमध्ये, १८० डॉलर आहेत आणि समोरच्याने ९० लावले. ९० भरून ३६० च्या पॉटवर हक्क सांगायचा, म्हणून चारांतून एकदा जरी आपला हात सरस ठरत असेल तरी भरणे परवडते. खालच्या टेबलावर हाच डाव ९० आणि ४५ डॉलरचा असतो. तेथेही प्रमाण २५ टक्केच. ज्याचा हात ४५ डॉलर भरताना थांबत नाही, पण ९० म्हटल्यावर आठवड्याचा किराणा आठवून जो पत्ते टाकतो, त्याच्या निर्णयात खेळाबाहेरची रक्कम शिरली. आणि जेथे निर्णय बदलू लागतो, ती पातळी त्याची नव्हे.

प्राध्यापक : कसोटी चांगली आहे, पण न्यायाधीश आणि आरोपी एकच आहे. पत्ते टाकताना तो स्वतःला किराण्याचे कारण थोडेच सांगेल? समोरच्याची खेळी फार दमदार वाटली, असेच म्हणेल.

खेळाडू : म्हणून न्याय दुसऱ्याकडे सोपवावा. भांडवलातून पाच बाय-इन, म्हणजे हजार डॉलर, या प्रयोगासाठी आधीच वेगळे काढावेत आणि ते संपले की कसलीही सबब न सांगता खाली यावे. प्रयोग चालू असताना दोन्ही पातळ्यांवरचे अवघड डाव निवडून, डॉलरचे आकडे काढून, सर्व रकमा केवळ मोठ्या ब्लाइंडमध्ये लिहून एखाद्या जाणत्या मित्राला द्यावेत. कोणता डाव कोणत्या टेबलावरचा हे केवळ खेळाडूच्या निर्णयांवरून त्याने ओळखायचे. भित्रेपणा किंवा आततायीपणा पाहून तो वारंवार बरोबर ओळखू शकला, तर खेळाडू नफ्यात असला तरी तयार नाही. ओळखू शकला नाही, तर तोट्यात असूनही तयार असू शकतो.

प्राध्यापक : समोरची माणसे वेगळी असतील तर निर्णय वेगळे असणे योग्यच ठरेल, तेवढी सवलत ठेवावी लागेल, आणि डाव कोणी निवडायचे तेही मित्रावरच सोपवावे लागेल, नाहीतर सोयीचे डाव पुढे येतील. या दुरुस्त्यांसह ही रीत ग्राह्य वाटते, कारण ती निकालाऐवजी निर्णय मोजते. निर्णयाला पत्त्यांच्या नशिबाची धूळ कमी लागते, त्यामुळे ४० लाख डावांची गरज पडत नाही. पण याने ‘जाऊ शकतो का’ एवढेच ठरते. ‘जावे का’ हे ठरत नाही. मिळकत तेवढीच आणि वाढ शून्य, हे गणित अजून तसेच उभे आहे.

खेळाडू : दर अडीचावरच राहिला तर उभे आहे. तो चारावर गेला तर मिळकत आठ डॉलर होते आणि वीस बाय-इनचा पण योग्य अंशाच्या दुपटीवरून सव्वापटीवर येतो.

प्राध्यापक : म्हणजे तेव्हाही योग्य अंशाच्या थोडा वरच. शिवाय तो चारावर गेला हे तुला कळणार कसे, या प्रश्नापाशी आपण पुन्हा पोचतो. तेव्हा स्वच्छ बोलायचे तर आज वर जाण्याचे समर्थन कमाईत सापडत नाही. ते असेलच तर अधिक चांगला खेळाडू होण्याच्या इच्छेत आहे, आणि त्या इच्छेचे मोल गणिताला ठरवता येत नाही.

खेळाडू : गणिताला ठरवता येत नाही, म्हणून खेळाडूला ते उघडपणे ठरवावे लागते. संगीत शिकणारा गुरूला मानधन देतो तेव्हा ते पैसे परत येतील असे तो म्हणत नाही. वेगळे काढलेले हजार डॉलर त्याच सदरात, शिक्षणाचा खर्च म्हणून, घरच्या वहीत लिहावेत. आणि घरातल्या माणसांसमोर तो खर्च म्हणून मांडायची ज्याची तयारी नसेल, त्याने वर जाण्याचा विचार सोडून द्यावा.

प्राध्यापक : आणि ते हजार डॉलर परत आले, वर आणखी हजार मिळाले तर?

खेळाडू : तर तो खर्च वसूल झाला एवढेच म्हणता येईल, कुवत सिद्ध झाली असे म्हणता येणार नाही. पुढच्या पायरीसाठी पुन्हा नवा खर्च मांडावा लागेल, आणि तो परवडतो की नाही हे पुन्हा विचारावे लागेल.

प्राध्यापक : जिंकल्यावर हा प्रश्न विचारणे हरल्यावर विचारण्यापेक्षा अवघड असते. तुझ्या रीतीची खरी परीक्षा तेथे आहे, आणि त्या परीक्षेचा निकाल तुझ्या मित्रालाही आधी सांगता येणार नाही.