गर्भिणीचा परदेशप्रवास: निषेध आणि हेतू

गर्भवतीने दूरचा प्रवास करावा का, या प्रश्नावर जुन्या ग्रंथांचा कल नकाराकडे आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत यानारोहण, म्हणजे वाहनात बसणे, येते. काठोकाठ भरलेले तेलाचे भांडे हिंदकळू न देता न्यावे तसे तिला जपावे, असे चरकसंहिता सांगते. हा निषेध विमानालाही लागू होतो का, हे ठरवायला मीमांसेची, म्हणजे वैदिक विधि-निषेधांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राची, मदत होते.

मीमांसक नियमांचे दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ असे दोन प्रकार मानतात. फळ डोळ्यांना दिसत असेल तर न दिसणाऱ्या फळाची कल्पना करायची नाही, हा त्यांचा दंडक. यानारोहणाचा निषेध उघडच दृष्टार्थ आहे: गाडीचे हिसके गर्भाला बाधतात. (कलिवर्ज्यातली, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींतली, समुद्रयात्रेची बंदी निराळी, तिचा गर्भाशी संबंध नाही.) हिसके नसले की निषेधाचा जोर ओसरतो. गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात विमानप्रवास सहसा सुरक्षित मानतात. बऱ्याच विमान कंपन्या 36 आठवड्यांपर्यंत, जुळे असल्यास 32 आठवड्यांपर्यंत प्रवास करू देतात.

मात्र हेतू पाहून नियम सैल करायचा, तर हेतू पाहूनच तो आवळावाही लागतो. ही दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते. तासन्‌तास बसून राहिल्याने पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका गर्भारपणी वाढलेला असतो. म्हणून अधूनमधून उठून चालणे आवश्यक. जायचे त्या ठिकाणचे रोगही पाहावे लागतात. दूषित पाण्यातून होणाऱ्या ‘हिपॅटायटिस ई’मध्ये शेवटच्या तिमाहीत गर्भवतींच्या मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पीतज्वराची लस जिवंत विषाणूंची असल्याने ती सहसा टाळतात, म्हणजे तो रोग असलेल्या देशात जाणेही टाळणे आले. झिका विषाणूच्या संसर्गाने गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. जुन्या निषेधाचा हेतू इथे हिसक्यांइतकाच लागू पडतो.

कैलास-मानसरोवरसारख्या यात्रेत पुण्याचा प्रश्न येतो. परिक्रमेतली डोल्मा खिंड 5,600 मीटरहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेचा अपाय दृष्ट, पुण्य अदृष्ट. शिवाय तीर्थयात्रा बहुधा काम्य, म्हणजे फळाच्या इच्छेने केलेले, कर्म असते; नित्य, म्हणजे करावेच लागणारे, नव्हे. काम्य कर्म पुढे ढकलल्याने दोष लागत नाही.

धर्मशास्त्राने गर्भिणीच्या पतीलाही नियम घातले आहेत. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याने तीर्थयात्रेला जाऊ नये, हा त्यांतला एक. याला दृष्टार्थ मानले, तर त्याचे कारण एकच दिसते: त्या काळात त्याने तिच्याजवळ असावे. मग परदेशी निघालेल्या गर्भवतीच्या बाबतीतही सोबत कोण आहे आणि प्रसूतीची सोय किती जवळ आहे, हे तिकिटाआधी पाहावे लागते.