दिवाळखोरी : कोठडीपासून मंडळापर्यंत

कर्ज बुडाले की तोटा कोणी किती सोसायचा, हे ठरवणे हे दिवाळखोरीच्या कायद्याचे मूळ काम. सरकारने ते टप्प्याटप्प्याने अंगावर घेतले. पूर्वी व्याज मुद्दलाच्या वर जाऊ न देणारा दामदुपटीचा नियम सोडला, तर ऋणकोला फारसा आधार नव्हता. इंग्रजी अमदानीत हुकूमनामा मिळवलेला सावकार त्याला दिवाणी कोठडीत धाडू शकत असे. सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची ही अटक बंद केली. कर्ज थकणे हा गुन्हा नव्हे, हा विचार इथे मूळ धरू लागला.

1909 मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी वेगळा नादारी कायदा आला आणि दिवाळखोराच्या मालमत्तेचा कारभार शासकीय अभिहस्तांकिती या अधिकाऱ्याकडे गेला. इतर मुलखासाठी 1907 चा आणि त्याच्या जागी 1920 चा प्रांतिक कायदा झाला. त्यानुसार जिल्हा न्यायालय नादार ठरवते, न्यायालयाने नेमलेला प्रापक मालमत्ता ताब्यात घेऊन विकतो आणि धनकोंना हिस्सेरशीने पैसे वाटतो. शेतकऱ्याचे बैल, औते आणि बियाणे जप्तीतून वगळलेले असते. पुढे न्यायालयाने मुक्ततेचा आदेश दिला, की माणूस बहुतेक जुन्या देण्यांतून सुटतो.

वऱ्हाडात प्रश्न कापसाचा होता. 1929 नंतरच्या मंदीत भाव कोसळले आणि कर्जे तशीच राहिली. वऱ्हाड ज्याला जोडलेले होते, त्या मध्य प्रांताने 1933 मध्ये कर्ज तडजोड कायदा केला. त्यातल्या मंडळांपुढे धनको व ऋणको समोरासमोर बसत आणि ऐपतीप्रमाणे हप्ते ठरत. लिलाव करण्यापेक्षा शेत चालू ठेवून वसुली करणे दोघांच्याही हिताचे, हे या व्यवस्थेचे तत्त्व होते.

उद्योगांच्या बाबतीत हे तत्त्व उशिरा आले. 1956 च्या कंपनी कायद्याखाली उच्च न्यायालयाशी जोडलेला शासकीय परिसमापक बंद कंपनी मोडीत काढी. आजारी कारखान्यांसाठी 1987 मध्ये औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, पण प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने सरकारची भूमिकाच बदलली. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला स्थापन झालेले भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ स्वतः कोणतीही कंपनी विकत नाही. ते व्यावसायिकांना परवाने देते, नियम करते आणि चौकशी करते. निवाडा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे असतो, तर कंपनी सावरण्याच्या योजनेचा निर्णय धनकोंची समिती 66 टक्के मतांनी घेते.

वऱ्हाडातल्या दर्यापूरसारख्या तालुक्यातून पाहिले, तर या व्यवस्थेतली फट दिसते. जिनिंग कंपनी थकली, तर तिचे प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणात जाते. सहकारी संस्था थकली, तर सहकार खात्याचा निबंधक अवसायक नेमतो. शेतकऱ्याला मात्र अजूनही 1920 चाच कायदा लागू आहे, कारण संहितेतला व्यक्तींचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच अमलात आला आहे. कंपनीला उधारीवर कापूस घातलेल्या शेतकऱ्याची कोंडी आणखी वेगळी. 2020 पासून कंपनीविरुद्ध संहितेखाली अर्ज करण्यासाठी किमान 1 कोटीची थकबाकी लागते, म्हणून एकट्याला दार ठोठावता येत नाही. कंपनी मोडीत निघाली, तर प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारणदार बँका आणि सरकारी देणी यांच्यानंतर त्याचा क्रम लागतो. अडचणीत सापडलेल्याला वेळ देऊन सावरण्याचा विचार मध्य प्रांताने शेतकऱ्यापासून सुरू केला होता. आज त्याचा पूर्ण लाभ कंपनीला मिळतो आणि शेतकऱ्याला वेळोवेळी जाहीर होणाऱ्या कर्जमाफीची वाट पाहावी लागते.