देणं आणि देऊन टाकणं

छावणी, छत्रपती संभाजीनगर
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. बाळास,



पहाटेचे साडेचार वाजलेत. चहा उकळतोय, खिडकीच्या फटीतून गार वारा येतोय आणि मी तुझ्या आजोबांचा जुना स्वेटर घालून बसले आहे (कोपरावर दोनदा रफू झालंय, तिसऱ्यांदा करीन, पण तो बाद करणार नाही). पत्र लिहायची माझी हीच वेळ. एकदा उजाडलं की दूधवाला येतो, पेपर येतो, मग तुझ्या मावशीचा फोन, आणि मग दिवस आपला राहत नाही. तुलाही लहानपणी मी याच वेळेला उठवायची आणि तू गोधडीसकट येऊन ओट्याशी बसायचास, आठवतं? तेव्हा तू काही बोलायचा नाहीस, नुसता चहाच्या वाफेकडे बघायचास. तिकडे पुण्यात आता कितीला उठतोस, ते मी विचारत नाही. उत्तर मला झेपायचं नाही.

परवा तुझा निरोप आला, “आजी, पाच हजार पाठवलेत. नाताळाला कोणाला तरी देऊन टाक.” मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा ऊर भरून आला. पगार झाला की दशांश बाजूला काढायची सवय तुला कोणी लावावी लागली नाही, ती तुझ्या हाडातच आहे, आणि त्या बाबतीत मी अगदी निर्धास्त आहे. तिसऱ्यांदा वाचताना मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली, त्याला इलाज नाही, तीस वर्षं व्याकरण शिकवलंय. अरे, ‘देणे’ वेगळं आणि ‘देऊन टाकणे’ वेगळं. आपण रद्दी देऊन टाकतो, आखूड झालेली पँट देऊन टाकतो, वीजबिल भरून टाकतो. शेपटीला ‘टाक’ लागलं की क्रियापद धावायलाच लागतं. भाऊबीजेला एखादा भाऊ म्हणाला, “ताई, ओवाळणी देऊन टाकतो,” तर ताई ताट घेऊन सरळ आत निघून जाईल!

रागावले नाही हं. तुझ्या मनात खोट नाही, घाई आहे. मला काळजी वाटते ती तेवढ्याचीच.

आपल्याकडे नाताळाच्या आधी चार रविवार आगमनकाळाचे असतात, ते उगाच नाहीत. या चार आठवड्यांत करायचं काय, तर वाट बघायची. कॅथलिक मंडळींचे फादर या दिवसांत जांभळी वस्त्रं घालतात, आपल्याकडे पाळकसाहेब उपदेशात तेच सांगतात, की तो येतोय, घर आवरा, मनही आवरा. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, त्याचा मूळ अर्थ जन्माचा दिवस, एवढाच. आणि जन्म कधी घाईनं होत नाही, हे तुझ्या आईच्या वेळी मी दोन रात्री आणि एक दिवस नीटच शिकले आहे. आताशा बाजारात दिवाळीचे दिवे उतरायच्या आत लाल टोप्या लटकायला लागतात आणि वाट बघायला जागाच उरत नाही. असो, हा म्हातारीचा कुरकुरण्याचा विषय आहे.

नानखटाईचं सांगते. तुला खायची माहीत आहे, करायची नाही. मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलदोडा यांचे गोळे घरी करून न्यायचे आणि भट्टीत भाजून आणायचे, ही आपल्या गावाची जुनी पद्धत. ईदेला लोक तेच करतात, दिवाळीलाही करतात आणि नाताळाला आपण. तूप-साखर परातीत घेऊन तळहातानं फेसायची, इतकी की पिवळं तूप पांढरं पडून साईसारखं हलकं व्हायला हवं. त्याला पाऊण तास लागतो आणि मध्ये थांबलं तर चालत नाही, म्हणून दोघं लागतात. मग मैदा आणि वेलदोडा मिसळून, गोळे करून पत्र्यावर मांडायचे, प्रत्येकावर अंगठ्यानं एक खळगा, त्यात चारोळी, आणि पत्र्याच्या कोपऱ्याखाली आपल्या नावाची चिठ्ठी.

पहिल्या वर्षी, लग्न होऊन मी नवी आले तेव्हा, भट्टीवाल्या चाचांना म्हटलं, “माझे पत्रे आधी घाला, मला घरी जायचंय.” ते हसले. म्हणाले, “बेटी, अभी भट्टी गुस्से में है.” आधी पाव निघतो, नान निघतात (त्यातलेच नान गावभर नान-कलियासाठी जातात), आणि ती मोठी आच उतरली, लाकडं निखाऱ्यावर आली, की मग खटाईची पाळी. धगधगत्या भट्टीत घातली तर वरून करपते, आत पीठ कच्चं राहतं. मी तिथे पोत्यावर दीड तास बसले. शेजारी बसलेल्या बाईनं तिच्या पोराच्या आजारपणाची सगळी हकिगत सांगितली, मी माझ्या सासूची सांगितली (वाईट काही नाही सांगितलं हं). निघताना चाचांनी लांब दांड्याच्या फळीनं माझा पत्रा ओढला, तेव्हा प्रत्येक खटाई मधोमध तडकून फुलासारखी उघडली होती. तो पहिला पत्रा घरी नेला नाही. अर्धा चाचांना, अर्धा त्या बाईला. तेव्हापासून आपल्या घरी पहिला पत्रा आपला नसतो. आता चाचा नाहीत, त्यांचा नातू बसतो, आणि तोही एका पत्र्याचे भाजणावळीचे पैसे घेत नाही. कोण कोणाला देतं, याचा हिशेब कधीच हुकला आहे, आणि तो लावायला मी जात नाही.

आता घाईची माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की आजी नुसती उपदेश करते.

तीस-पस्तीस वर्षं झाली. आमच्या तरुण संघानं पैसे जमवून साठ घोंगड्या घेतल्या आणि चोवीस तारखेला रात्री, उपासनेच्या आधी, एका मोठ्या दवाखान्याबाहेर वाटायचं ठरलं. आत रुग्ण, बाहेर फुटपाथवर त्यांचे नातेवाईक, डोक्याखाली पिशवी घेऊन. आमच्याकडे अर्धा तास होता, कारण दहाला गायनमंडळींत उभं राहायचं होतं. मी भराभर चालले होते, झोपलेल्यांच्या अंगावर घोंगडी टाकायची आणि पुढे. टाकायची! बघ, तेच क्रियापद. एका म्हातारीच्या अंगावर टाकली आणि ती किंचाळून उठली, “चोर! चोर!” तिनं माझं मनगटच धरलं. लोक जागे झाले, एकानं चप्पल उगारली. मी पांढऱ्या साडीत, हातात घोंगड्या, आणि तोंडातून शब्द फुटेना.

शेवटी सगळं उलगडलं तेव्हा म्हातारी ओशाळली आणि मला बळंच खाली बसवलं. कन्नड तालुक्याकडची होती. मुलाचा पाय मोडला होता, अकरा दिवस तिथेच होती. घोंगडी तिच्याकडे होती, एक नाही, दोन, आधीच्या दोन रात्री दोन मंडळांनी दिलेल्या. तिला हवं होतं एक पातेलं, मुलाला प्यायचं पाणी कोमट करायला. बाहेरचा चहावाला पाणी तापवून द्यायचे पैसे घेत होता. हे अकरा दिवसांत तिला कोणी विचारलं नव्हतं, कारण आम्ही सगळे घाईत होतो. तिनं फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर ठेचा. त्या रात्री मी गायनाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी, ऐन नाताळाला, तुझे आजोबा सायकलवर स्टोव्ह आणि पातेलं बांधून गेले.

बेथलेहेम या शब्दाचा इब्री भाषेत अर्थ आहे भाकरीचं घर. मी शाळेत शेकडो वेळा तो सांगितला असेल. कळला त्या फुटपाथवर.

आणि बाळा, आपणही कधीतरी घेणाऱ्यांच्या रांगेत होतो, हे विसरू नकोस. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळींच्या घरांत खोदून बघितलं तर कुठेतरी दुष्काळ निघतोच. लोक ‘पोटासाठी धर्म बदलला’ म्हणून टोमणा मारायचे, अजूनही कोणी मारतं. मला त्याची लाज वाटत नाही. भुकेल्याला कोणी भाकरी दिली आणि त्याला त्या हातात देव दिसला, तर त्यात हिणवण्यासारखं काय आहे? मात्र देणाऱ्यांतही दोन तऱ्हा होत्या. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात, सुकडीची पाकिटंही पाहिलीत. पाकीट वाटून जीप निघून जायची. ते गरजेचं होतं, त्यानं माणसं जगली. पण जालन्याला वेगळं काही चाललं होतं. तेव्हा जालना आपल्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला १९८१ला. तिथल्या स्कॉटलंडच्या मिशनचं काम खडकात बोअर घेऊन पाणी काढायचं. पाणी लागायचं, वर बिडाचा हापसा बसवायचे, आणि थोड्याच दिवसांत तो मोडून पडायचा. का? तर ते हापसे मुळात एका घराच्या अंगणासाठी बेतलेले. इथे सबंध गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा हाणतंय, पोरं त्याला लोंबकळताहेत. नुसता हापसा ‘देऊन टाकला’ असता तर कोणाला कळलंही नसतं. पण ही माणसं तिथेच राहणारी होती. मोडलेला हापसा बघायला त्यांना परत जावं लागायचं, कुठला सांधा झिजतो ते बघावं लागायचं. त्यातून त्यांनी पोलादाचा, एकाच भक्कम आसावर हलणारा हापसा घडवला. त्याला लोक ‘जालना पंप’ म्हणायला लागले. पुढे सोलापूरला त्यात आणखी सुधारणा झाली आणि त्यातूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तो मग आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. आता कुठे हापसा दिसला की दांडा एकदा मारून बघ, पाणी येवो न येवो.

माझी आई भाकरीचं पीठ परातीत घ्यायच्या आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रोज, दोन्ही वेळा, घरात दोनच मुठी असल्या तरी. महिन्याला तो डबा कोणाकडे तरी जायचा. मला वाटायचं ही तिचीच युक्ती. मोठेपणी कळलं की तिकडे मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१०पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ काढून ठेवतात आणि त्या मुठींवर त्यांच्या मंडळीची कितीतरी कामं चालतात. आणि लांब कशाला, आपल्या पाणचक्कीचं दगडी जातं डोंगरातून आणलेल्या पाण्यावर फिरायचं, ते तिथल्या दर्ग्यात उतरलेल्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ दळायला. मुठीची गंमत अशी, की ती रोज काढावी लागते, आणि रोज काढताना रोज आठवावं लागतं. तू पाच हजार एकदम पाठवलेस, ते मोठंच आहे, पण त्यासाठी तुला किती वेळ लागला? खरं सांग. लिफ्ट खाली येईपर्यंत?

तू म्हणशील, आजी, नाताळ तोंडावर आला, तुझ्या गतीनं गेलो तर मदत पोचणार कधी. त्याचंही उत्तर आहे. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन पूर्वेकडून निघालेले मागी लोक जन्माच्या रात्री कुठे होते? वाटेत! गोठ्यात त्या रात्री पोचले मेंढपाळ, रिकाम्या हातानं, रानातून उठून. मागी आले तेव्हा मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे ते बाळ घरात होतं, आणि हेरोदानं त्यांच्याकडून काळ विचारून घेऊन दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायचा हुकूम काढला, यावरून ते किती उशिरा आले असतील याचा अंदाज कर. आपण त्यांचा सण ६ जानेवारीला करतो. त्यांना कोणी उशीर झाला म्हणून बोल लावला नाही.

तेव्हा तुझे पैसे मी बँकेतून काढून आणलेत, पासबुकही भरून घेतलंय, आणि ते आईच्या त्याच डब्यात ठेवलेत. ते मी कोणाला देणार नाही. तू ये. आपण दोघं संध्याकाळी त्या दवाखान्याच्या बाजूला जाऊ. पहिल्या दिवशी काही द्यायचं नाही, किटलीत चहा न्यायचा आणि बसायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. तुला अवघडल्यासारखं होईल, फोन काढावासा वाटेल, फोटो तर नाहीच काढायचा. तिसऱ्या दिवशी बघू कोणाला काय लागतंय. कदाचित पाच हजारांत भागणार नाही, कदाचित चाळीस रुपयांचंच काम निघेल. उरले तर डबा आहेच, सहा तारखेपर्यंत सवड आहे.

भट्टीवाल्यानं २० तारखेची पहाट दिली आहे. साडेचारला परात घेऊन बसायचं, कारण सात वाजता पत्रे घेऊन तिथे पोचलं पाहिजे. माझा उजवा खांदा या वर्षी वर जात नाही, त्यामुळे फेसायचं काम तुझं. १९चं तिकीट काढ, दिवसाच्या गाडीचं. रात्रीच्या गाडीनं येतोस आणि दोन दिवस जांभया देतोस. पुण्याहून काही आणू नकोस, केक तर मुळीच नको, फक्त तुझी आई म्हणत होती ती बारीक जाळीची चाळणी मिळाली तर बघ.

तुझी
आजी

ता. क. शेजारच्या काकूंनी नेहमीप्रमाणे दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा आपल्या ताऱ्यासाठी आणून दिलाय. एक कामटी मोडली आहे आणि मी खळ लावून, दोरा गुंडाळून ती सांधली आहे. पतंगी कागद तू आल्यावर चिकटवू. तोवर तो दारामागे तसाच टांगलाय, आणि रोज सकाळी येणारा दूधवाला विचारतो, “आजी, तारा कधी लागणार?”