अभ्युपगम आणि पडताळा

शास्त्रज्ञ आधी वस्तुस्थितीची टिपणे गोळा करतो, मग त्यांची वर्गवारी लावतो आणि पुरेसा ढीग साचला म्हणजे त्यातून सिद्धांत आपसूक वर येतो, अशी एक भाबडी समजूत आपल्या शालेय पुस्तकांनी मोठ्या निष्ठेने जोपासली आहे. तिचा फोलपणा पाहावयाचा असेल तर दादरा व नगर हवेलीएवढा चिमुकला मुलूखही पुरेसा आहे. मराठी वाचकाला त्यातले सिल्वासा आठवते ते २ ऑगस्ट १९५४ च्या मुक्तीमुळे आणि त्या लढ्यात उतरलेल्या सुधीर फडके यांच्यासारख्या कलावंतांमुळे; परंतु याच मुलखातील वारली, धोडिया, दुबळा आदी समाजांत सिकलसेल या रक्तविकाराचे जनुक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले आहे, आणि ते टिकले कसे याची उकल करणारा ॲन्थनी ॲलिसन यांचा निबंध त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

या विकाराच्या प्राथमिक तपासणीची एक रूढ पद्धत अशी: बोटाला सुई टोचून काढलेले थोडेसे रक्त सोडियम डायथायोनाइटच्या द्रावणात मिसळावयाचे, काही मिनिटे थांबावयाचे आणि ती काचनळी काळ्या रेघा आखलेल्या कागदासमोर धरावयाची. रेघा स्वच्छ वाचता आल्या तर चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ते रक्त पुढील तपासणीस पाठवावयाचे, कारण सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळालेला वाहक कोण आणि प्रत्यक्ष पीडित कोण याचा निवाडा या नळीला करता येत नाही. कृती पोरालाही जमेल इतकी सोपी आहे. तथापि प्राणवायू काढून घेतला की सदोष हिमोग्लोबिन विरघळलेले राहत नाही, ही उपपत्ती ज्याच्या मनात नाही, तो मनुष्य वस्तीतील प्रत्येकाचे वय, उंची, खाणेपिणे आणि विहिरीचे पाणी यांचे तपशील दफ्तरेच्या दफ्तरे भरून लिहील; नळीमागे रेघांचा कागद धरण्याचे त्याला जन्मात सुचणार नाही. काय पाहावयाचे हे उपपत्ती सांगते, आणि न पाहिलेल्या गोष्टीची नोंद होत नसते.

हा विकार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्याने होतो हे १९४९ साली निश्चित झाले, त्याच वर्षी लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवले, आणि मग एक कोडे उभे राहिले. दोन्ही पालकांकडून हे जनुक मिळालेली मुले आफ्रिकेत बहुधा बालपणीच दगावत असता ते जनुक कधीच निपटून जावयास हवे होते. मग काही प्रदेशांत ते इतके विपुल का? एक तर्क असा होता की नव्या उत्परिवर्तनांमुळे ही तूट सतत भरून निघत असावी. पण तसे असते तर पीडित मुलांच्या कित्येक माता वाहक नसलेल्या आढळावयास हव्या होत्या. बेल्जियन काँगोतील तपासणीत तसे आढळले नाही, आणि तो तर्क निकालात निघाला. केनियात वाढलेल्या ॲलिसन यांचा अभ्युपगम वेगळा होता: एकच जनुक मिळालेल्या वाहकाला हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. त्यांनी तीस स्वयंसेवकांना हिवतापाचे जंतू टोचले, जे आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि करूही नये. वाहक नसलेल्या १५ पैकी १४ जणांना लागण झाली, वाहक असलेल्या १५ पैकी केवळ दोघांना. इतरांनी केलेल्या प्रयोगांत सर्वत्र असाच निष्कर्ष आला नाही. त्यातून विधानाला मुरड पडली आणि हे संरक्षण मुख्यतः लहान मुलांना व गंभीर हिवतापापासून मिळते असे ठरले.

अशी मुरड पडू शकणे हीच माझ्या मते अभ्युपगमाची खरी योग्यता. दुखणे देवाच्या कोपाने आले असे भगत म्हणतो, तेव्हा रोगी बरा झाला तरी त्याचे म्हणणे खरे ठरते आणि न झाला तरी खरेच ठरते. मात्र भगतालाच हसण्याचे कारण नाही, कारण सांधे धरून कण्हणाऱ्या मुलाच्या केसपेपरवर नुसते ‘अशक्तपणा’ असे लिहिणारा पदवीधरही त्याच पंगतीत बसतो. दोघेही खोटे ठरण्याची जोखीम पत्करीत नाहीत.

उपपत्ती दृष्टी देते तशी ती दृष्टी बांधूनही ठेवते. आफ्रिकी व अमेरिकी रुग्णांवरून बेतलेले रोगाचे चित्र भारतीय आदिवासींना जसेच्या तसे लागू पडेना, कारण येथील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक राहते आणि ते रक्तपेशींना काहीसे सावरून धरते. यावरून भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे दुसरे सरसकट विधान रूढ झाले. मध्य भारतातील रुग्णालयांनी तीव्र वेदनांचे रुग्ण पुढे ठेवल्यावर त्यालाही मर्यादा घालाव्या लागल्या.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तिला २०४७ ची मुदत घातली. विवाहापूर्वी तपासणी व्हावी आणि दोन वाहकांना होणाऱ्या अपत्यांविषयीचा धोका त्यांना कळावा, हा तिचा एक आधार आहे. येथे आनुवंशिकीची उपपत्ती प्रशासनाला एक अनपेक्षित गोष्ट सांगते. वाहकाने वाहक नसलेल्याशी विवाह केला तर पीडित मूल जन्मत नाही, परंतु त्यांच्या अपत्यांपैकी सरासरी निम्मी वाहक निपजतात. म्हणजे समुपदेशन पूर्ण यशस्वी झाले तरी जनुकाचे प्रमाण जवळपास आहे तेवढेच राहील, किंबहुना पीडितांच्या अकाली मृत्यूमुळे होणारी त्याची घटही थांबेल. तेव्हा वीस वर्षांनी दादरा व नगर हवेलीतल्या खानवेल-दुधनीकडील वाहकांची मोजदाद करून आकडा हललेला नाही, सबब मोहीम फसली, असा शेरा मारू पाहणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्या वर्षांत जन्मलेल्या पीडित बालकांची नोंदवही मागवून घ्यावी.