पानफुटीचा जीव

पानफुटी लावण्यास कोणतेही कौशल्य लागत नाही, आणि वनस्पतीच्या जीवाविषयी विचार करू पाहणाऱ्यास नेमकी हीच गोष्ट अडचणीत टाकते. एक जाड, निबर पान देठाशी तोडावे, वाळू मिसळलेल्या, चांगल्या निचऱ्याच्या ओलसर मातीवर नुसते आडवे टाकावे, पुरू नये, आणि पाणी इतके बेताने द्यावे की दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकत राहील. कारण ही वनस्पती तहानेने क्वचितच मरते, माळ्याच्या अतिदयेने मात्र हमखास कुजते. थोड्याच दिवसांत पानाच्या काठावरील खाचांतून बारीक मुळे आणि इवल्या पानांच्या जोड्या बाहेर पडतात. ज्याने लहानपणी हे पान वहीत दडपून ठेवले असेल, त्याला आरंभी मातीचीही जरुरी नसते हे सांगावे लागणार नाही.

आता छांदोग्य उपनिषदाच्या ६व्या अध्यायात उद्दालकाने आपला मुलगा श्वेतकेतू यास दिलेला दृष्टांत पाहावा. महावृक्षाच्या मुळावर, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तरी तो रस गाळीत जगतो. परंतु ज्या फांदीस जीव सोडून जातो ती फांदी वाळते, आणि सबंध वृक्षास सोडतो तेव्हा सबंध वृक्ष वाळतो. आंब्याच्या मोडलेल्या डहाळीस हे तंतोतंत लागू पडते. पानफुटीचे पान मात्र झाडापासून विलग होऊनही वाळत नाही. उलट, एकाची चार रोपे करून दाखविते. मग झाडाचा जीव तुटून वाटला गेला म्हणावे, तर गीतेने ज्यास अच्छेद्य म्हटले त्याचे तुकडे पडतात. जुना जीव झाडातच राहिला आणि पानात नवे जीव आले म्हणावे, तर मधल्या काळात ते पान कोणाच्या हवाली होते?

ते निर्जीव खासच नव्हते. बेंजामिन हेन या हिंदुस्थानात राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने चावून पाहिली आणि ती सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव लागतात असे लिहून कळविले. ते टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. पान रात्री आपली रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू आत घेते, तो आम्लाच्या रूपाने साठविते, आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर अन्न तयार करते, असा त्याचा उलगडा पुढे झाला. तोडलेल्या पानातही हा नित्यक्रम काही काळ चालू राहतो, आणि प्रेताला दिनचर्या नसते.

या पेचावर जैन आचार्यांनी दिलेला तोडगा मला अधिक सूक्ष्म वाटतो. श्रवणबेळगोळच्या मूर्तीपाशी कोरलेल्या मराठी लेखामुळे आपल्याला परिचित असलेल्या चामुंडरायाचे समकालीन आचार्य नेमिचंद्र यांनी १०व्या शतकात ‘गोम्मटसार’ रचला. त्यात वनस्पतींचा विचार ‘प्रत्येक’ आणि ‘साधारण’ अशा भेदाने केला आहे. पहिलीत एका शरीराचा एकच जीव धनी. दुसरीत अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीप्रमाणे एकाच शरीरावर अनंत जीवांचा सामाईक हक्क. आणि तोडल्यावर पुन्हा उगवणे हे साधारणाच्या लक्षणांपैकी एक सांगितले आहे. म्हणजे पान तोडताना जीव तुटला नाही व बाहेरून आलाही नाही. जे होतेच, ते केवळ वेगळे निघाले.

परंतु येथेही एक मुद्दा शिल्लक राहतोच. पान झाडावर असेपर्यंत खाचांतले अंकुर सहसा फुटत नाहीत. देठ तुटला की फुटतात. अनेक जीव आधीपासून हजर होते, तर त्यांना आवरून धरणारा अंमल कोणाचा? जीवसृष्टीचा सारा व्यवहार भौतिक व रासायनिक नियमांनी उलगडेल अशी ज्याची धारणा होती, त्या झाक लोएबने याच वनस्पतीवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि पान जितके वजनदार, तितका त्यातून निघणाऱ्या कोंबांचा भार अधिक, हे प्रमाण दाखवून दिले. हिशेब चोख आहे. पण तो मालाचा आहे, मालकाचा नव्हे. माझा स्वतःचा कल असा की, झाडाचे एकत्व म्हणजे त्यात बसलेला कोणी एक नसून, अनेकांनी परस्परांस दिलेला निर्बंध असावा. देठ शाबूत आहे तोवर तो निर्बंध खरा, आणि तितक्यापुरते झाडही खरोखर एक. उद्दालकास हे ऐकवले असते तर तो विचलित झाला असता असे मात्र मला वाटत नाही; त्याला जीवांची खानेसुमारी करावयाची नव्हतीच, ते सारे ज्याच्या आधारावर उभे आहेत त्या सताकडे मुलाचे लक्ष वळवावयाचे होते.

लावणाऱ्यास एवढेच सांगावयाचे की, रोपे निघाली म्हणून मूळचे पान घाईने उपटून टाकू नये. रोपांची मुळे मातीत धरेपर्यंत ती त्याच पानातला साठा खातात, आणि ते आपण होऊन सुरकुतल्यावरच त्यांना वेगळ्या कुंड्यांत हलवावे.