न दिसणाऱ्या तहानेचे पाणी



वेरूळी श्रीघृष्णेश्वराचे आणि पैठणी नाथमहाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन आपण या नगरीत येता. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. समोरची तहान ओळखणे हे संतांचे लक्षण होय. परंतु ज्याला अजून तहान लागलेली नाही, जो कदाचित जन्मासही आलेला नाही, त्याच्यासाठी आड कोणी खणावा? अहिल्यादेवींनी ठायी ठायी विहिरी व घाट बांधले, ते अनोळखी वाटसरूंसाठीच.

कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णास उपचारासाठी द्रव्य देणारे दाते पुष्कळ आहेत, आणि ते धन्य होत. रुग्णाचा चेहरा दिसतो, आप्तांचे अश्रू दिसतात, हात आपोआप पुढे येतो. संशोधनासाठी दिलेल्या दानाला मात्र चेहरा नसतो. अनेक प्रयोग निष्फळ ठरतात; अर्थात ही वाट चुकीची, हे कळणे हेसुद्धा ज्ञानच. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. त्या कसोटीस हे दान पुरेपूर उतरते.

दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ साली याच व्याधीच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला. त्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळला उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

आपल्या मराठवाड्याचेही उदाहरण आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे. धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना सामावून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने व टाटा रुग्णालयाने तो सांभाळला. द्रव्य आले सातासमुद्रापलीकडील गेट्स प्रतिष्ठानाकडून. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या गटास विषाणूची तपासणी केवळ एकदा देऊ केली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, सुमारे निम्म्यावर आले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने याच प्रकारच्या तपासणीस प्रथम पसंती दिली.

यात दाता कोण? धन देणारा तर आहेच. परंतु शेतातले काम टाकून, संकोच बाजूला सारून तपासणीस येणाऱ्या त्या मायबहिणींनी जे दिले, त्याची पावती कोणत्याही वहीत फाडता येत नाही. आमच्या मते त्यांचेच दान थोर. आज दूरदेशीची जी स्त्री त्या ज्ञानामुळे वाचते, तिला धाराशिवचे नावही ठाऊक नसेल.

संशोधनासाठी द्रव्य अर्पण करू इच्छिणाऱ्यांनी संस्थेची नोंदणी पाहावी, 'संशोधनासाठी' असा स्पष्ट उल्लेख लेखी करून द्यावा, पावती घ्यावी आणि विनियोगाचा वृत्तांत निःसंकोच मागावा. दर्शनास आलेल्या तीस वर्षांवरील भगिनींनी या तपासणीविषयी आपल्या वैद्यांना अवश्य विचारावे. मराठवाड्यातील रुग्णांसाठी याच शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून कार्यरत आहे.