मागून येणाऱ्याचा शोध

बर्फाच्या मुलखात हिवाळ्यात जिओकॅशिंग खेळणाऱ्यांपुढे एक पेच असतो. कुणीतरी झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. जीपीएसच्या आधारे तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवायची आणि डबा जागच्या जागी लपवायचा. पण ताज्या बर्फावर पहिल्या माणसाची पावलं थेट डब्यापर्यंत उमटतात. दुसऱ्याला शोधायला काही उरत नाही. खेळ ठाऊक नसलेला वाटसरू माग काढत येऊन डबा उचलून नेऊ शकतो, ते वेगळंच. म्हणून जाणते खेळाडू डबा सापडल्यावरही आसपासच्या झाडांभोवती मुद्दाम फिरून येतात. बोटं गारठलेली, परतायची घाई. तरीही कधी न भेटणाऱ्या माणसाचा शोध शाबूत राहावा म्हणून ही पायपीट. या खेळातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मे 2000 च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि 3 मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली लपवली. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. पहारा कशावरच नाही. झाकण नीट लागलं नाही तर पाणी शिरून वहीचा लगदा होतो, आणि तो कुणामुळे झाला हे बहुधा कळतच नाही.

सातारा जिल्ह्यात, माणदेशातल्या म्हसवडला बर्फ नाही, पाऊसही मोजकाच. हिवाळ्यातल्या वाटा मात्र माणदेशाला नव्या नाहीत. दिवाळीच्या सुमाराला धनगर मेंढरं घेऊन चाऱ्यापाण्यासाठी बाहेर पडतात, त्यांचे काही वाडे, म्हणजे तांडे, घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. रानाला लेंडीखत मिळतं, वाड्याला धान्य किंवा पैसे. मग वाडा पुढे हलतो. एखाद्याने उभं पीक चारलं, तर पाठीमागून येणाऱ्या वाड्याला त्या गावात रान कोण देईल? चूक एकाची, झळ दुसऱ्याला.

आपली नीती बहुतेकदा समोरच्या माणसापाशी थांबते. शेजारी, पाहुणा, सावकार यांच्याशी आपण जपून वागतो, कारण ते दिसतात आणि बोलतात. मागून येणारा तक्रार करायला आपल्या दारी येत नाही.

म्हसवडच्या शाळांनी जिओकॅशिंगचा हा खेळ मुलांना जरूर शिकवावा. ज्या बांधावर डबा लपवायचा त्याच्या मालकाला आधी विचारावं, डब्यावर शाळेचं नाव ठळक लिहावं, आणि देवळापासून तो लांब ठेवावा. मार्गशीर्ष प्रतिपदेला गावच्या सिद्धनाथाच्या रथाला लोटणाऱ्या गर्दीत बेवारस डबा दिसला तर लोक घाबरणारच. गुण द्यायचे झाले तर आधी पोचणाऱ्याला लगेच देऊ नयेत. त्याच्यानंतर गेलेल्या मुलीला डबा कोणत्या अवस्थेत सापडला, हे तिला विचारावं आणि मग द्यावेत.